काजळभाऊंच्या वहीतलं पान

१

काजळभाऊ सोमवारी सकाळी साडेआठला गेले. गुरुवारी सकाळी, जवळजवळ त्याच वेळेला, साहेबांनी माझ्यापुढे दोन कागद सरकवले आणि म्हणाले, "सही करा."

पहिल्या कागदावर त्यांचा अहवाल होता.

"मयत इसम हा गाळणी विभागाच्या खड्ड्यातील शिळा हटविण्याकामी खाली उतरला असता, त्याचा मेहुणा व सहकारी याने कोणाचीही अनुमती न घेता आम्लाची तोटी उघडली. सदरहू आम्लाचा कोबाल्ट सल्फाइडशी संयोग होऊन विषारी वायूची उत्पत्ती झाली व मयत इसमाचे प्राणोत्क्रमण झाले. सबब दोष मेहुण्याकडे जातो."

प्राणोत्क्रमण! बावीस वर्षं ज्याच्याबरोबर काम केलं तो माणूस मेला, आणि त्याबद्दल हा शब्द. हे साहेब बारा दिवसांपूर्वी आमच्या कारखान्यात आले. तीन आठवडे दुरुस्तीसाठी बंद असलेला कारखाना ज्या शनिवारी सुरू झाला, त्याच दिवशी. दुपारपर्यंत कामगारांनी त्यांचं नाव 'सदरहू' ठेवून टाकलं होतं. माझं नाव 'लिटमस' आहे, कारण मी पटकन लाल होते. आमच्याकडे नावं ठेवायला कुणी वेळ घालवत नाही.

दुसऱ्या कागदावर एकच ओळ होती. खड्ड्यातल्या काळ्या गाळात आम्ल पडलं की विषारी वायू निघतो, असं प्रयोगशाळेने, म्हणजे मी, प्रमाणित करावं.

"हे पुस्तकात आहे की नाही?" साहेबांनी विचारलं.

"आहे."

"मग सहीला हरकत काय?"

"पुस्तक खड्ड्यात उतरत नाही, साहेब. काजळभाऊ उतरायचे. मी गाळ तपासल्याशिवाय सही करणार नाही."

"बाई, दुपारी तीनला कारखाना निरीक्षक येणार आहेत. पाठोपाठ पोलीस. तुमची निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ती सुखाने जावीत असं मला मनापासून वाटतं."

मी लाल झाले. कागद उचलले, घडी करून खिशात घातले आणि प्रयोगशाळेत आले.

दारात काजळभाऊंची बायको उभी होती.

२

वहिनी आत आल्या, पण बसल्या नाहीत. रडून रडून त्यांचे डोळे कोरडे झाले होते, आणि त्यामुळे त्यांच्याकडे बघणं जास्त अवघड होतं.

"बाई, एकच विचारायला आले. माझ्या भावाने माझ्या नवऱ्याला मारलं का?"

मी स्टूल पुढे सरकवलं. त्यांनी ते बाजूला केलं.

"हो असेल तर हो म्हणा. पण मला कळेल असं बोला. साहेब काल घरी आले होते. अर्धा तास बोलले. 'संयोग' काय, 'उत्पत्ती' काय. मला एवढंच कळलं की धाकट्याने तोटी उघडली आणि हे पडले. सोमवारपासून तो माझ्यासमोर आला नाही. आणि खरं सांगते, आला असता तर मी काय केलं असतं, ते माझं मलाच ठाऊक नाही."

धाकटा म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. काजळभाऊंनीच त्याला कामाला लावलं, शिकवलं, शिव्या घातल्या, स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं. एकाच पाळीत दोघं काम करायचे. दाजी खड्ड्यापाशी, मेहुणा तोटीपाशी.

"त्याला काय करतील?" वहिनींनी विचारलं.

"तीनला निरीक्षक येतील. साहेबांचा अहवाल त्यांनी मानला, तर धाकट्याला पोलीस नेतील."

"तो जाईल ना मुकाट्याने. त्याला स्वतःलाच वाटतंय की त्यानेच मारलं." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "नवरा गेला. भाऊही असाच जाऊ देऊ? नाही जाऊ देणार. खरं असेल तर जाऊ दे. पण आधी मला कुणीतरी खरं दाखवा."

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

३

आमचा कारखाना काय करतो, ते इथे थोडक्यात सांगायला हवं.

खाणीतून आमच्याकडे करड्या चकाकीचा दगड येतो. त्याला कॅरोलाइट म्हणतात. त्याच्या पोटात तांबं, कोबाल्ट आणि गंधक एकमेकांना घट्ट धरून असतात. पहिल्या इमारतीत दगडाचं पीठ होतं, दुसरीत ते विरघळून पाणी होतं आणि तांबं वेगळं निघतं. उरलेलं गुलाबी पाणी तिसऱ्या इमारतीत, म्हणजे गाळणीत येतं. तिथे त्यात हायड्रोजन सल्फाइड सोडतात. आम्ही त्याला नुसता गॅस म्हणतो. कुजक्या अंड्यांचा वास येतो तोच. गॅस लागला की गुलाबी पाण्यातून काळा गाळ खाली बसतो, अगदी काजळासारखा. तो कोबाल्ट सल्फाइड. तो गाळून, पिंपांत भरून बाहेर जातो, आणि त्यापासून डिझेलमधलं गंधक ओढून काढणारा माल बनतो. खाणवाल्यांनी पूर्वी कोबाल्टला भुताचं नाव दिलं होतं म्हणे. आमच्याकडचं भूत खाणीत राहत नाही, त्याला केबिन आणि पंखा दिलेला आहे.

गाळताना जो काळा गाळ सांडतो, तो गाळणीखालच्या खड्ड्यात जमतो. बावीस वर्षं तो खड्डा काजळभाऊंनी सांभाळला. नखांतला काळा रंग कधी गेला नाही, म्हणून ते काजळभाऊ.

धाकट्याला पहारेकऱ्याच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. समोर चहाचा कप होता, त्यावर साय धरली होती.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," मी म्हटलं.

"काय सांगू बाई. मीच सोडलं अ‍ॅसिड."

"का सोडलंस?"

"दाजी म्हणाले, सोड."

"ते का म्हणाले?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चूल का पेटवतात असं विचारलं होतं. "शिळा होता म्हणून."

"मला ठाऊक आहे. पण तुझ्या तोंडून हवं."

"काळा ताजा असला की त्याला अ‍ॅसिड दाखवायचं नाही. दाखवलं की गॅस सोडतो. तेव्हा नुसत्या पाण्याने धुवायचं. पण दोनेक दिवस उघड्यावर हवा खात पडला की तो शिळा होतो. मग पातळ अ‍ॅसिड टाका, काही करत नाही, ढिम्म. भिंतीवरचा चुना तेवढा निघतो. म्हणून दाजी रोज आधी चिमूटभर काळा वाटीत घ्यायचे, थेंबभर अ‍ॅसिड टाकायचे आणि वर तुमचा शिशाचा कागद धरायचे. कागद काळा पडला तर ताजा. पांढरा राहिला तर शिळा. वहीत पहिली ओळ तीच लिहायची आणि मग कामाला लागायचं."

"सोमवारी कागद काय म्हणाला?"

"पांढराच राहिला. मी स्वतः पाहिला. शनिवारी सांडलेला काळा सोमवारपर्यंत उघडा पडून होता. दाजींनी वहीत लिहिलं, केबिनकडे जाऊन आले, मग खाली उतरले. भिंत खरवडत होते. साडेआठला म्हणाले, सोड. मी बाहेरची तोटी उघडली. मिनिटभराने पाहिलं तर..." त्याने चहाचा कप बाजूला सारला. "कागदाचं काहीतरी चुकलं असेल ना बाई? मी सोडलं आणि ते पडले. दुसरं काय कारण असणार?"

"तू साहेबांना यातलं काय काय सांगितलंस?"

"काहीच नाही. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. इथे बसवलं, बाहेरून कडी घातली."

मी उठले. दारापाशी आल्यावर तो मागून म्हणाला, "ताईला सांगा, मी मुद्दाम नाही केलं."

"तूच सांग," मी म्हटलं आणि कडी न लावता बाहेर पडले.

४

गाळणीत सोमवारपासून कुणी काम केलेलं नव्हतं. मी तोंडावर मास्क चढवला आणि खड्ड्यातला काळा गाळ बरणीत घेतला.

वही दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. नवीकोरी, कारखाना पुन्हा सुरू झाला त्या शनिवारपासूनची. जुन्या वह्या दुरुस्तीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या होत्या. मी पानं मोजली. शनिवार, मग सोमवार ते शनिवार, अशी सात पानं. काजळभाऊंचं अक्षर गोल, मोठं आणि शब्दांच्या बाबतीत भयंकर कंजूष. "खड्डा – ताजा. पाण्याने धुतला." दुसऱ्या दिवशी, "खड्डा – ताजा. घंटा वाजली, दोनदा. गॅस थांबवला." घंटा म्हणजे गॅस सुटला की आपोआप वाजणारी धोक्याची घंटा. सातही दिवस ताजा. सातही पानांवर पहिली ओळ तीच.

आठवं पान नव्हतं. शिवणीत कागदाची बोटभर किनार राहिली होती.

मी वर पाहिलं. खड्ड्याच्या बरोबर वरून, दोन पुरुष उंचीवर, गॅसची नळी जाते. सगळी नळी पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी होती. आता तिला चहाच्या डागासारखा पिवळट रंग आलाय. पण एका जोडापाशी वीतभर नळी पांढरीशुभ्र होती. ताजा रंग. एवढ्या लांब नळीला वीतभरच रंग कोण देतं?

शिडी लावून मी वर चढले. या वयात शिडी चढताना मी कुणाला काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. नखाने नवा रंग खरवडला. खालचा जुना रंग काळाकुट्ट निघाला. तो जुना रंग शिशाचा होता. शिशाला गॅस लागला की ते काळं पडतं, मग ते कागदावर असो की नळीवर.

म्हणजे गॅस वरच्या जोडातून सुटला होता. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागा शोधतो. आणि फार झाला की आधी नाकच मारतो, वास येणं बंद होतं. खड्ड्यातल्या माणसाला काही कळलंच नसणार.

प्रयोगशाळेत येऊन मी गाळावर पातळ आम्ल टाकलं. वर शिशाचा कागद धरला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कागद पांढराच राहिला. मला हसू आलं आणि रडूही आलं. काजळभाऊंचा कागद चुकला नव्हता.

"वा," दारातून आवाज आला. साहेब उभे होते. "आणि यावरून काय सिद्ध झालं म्हणता?"

"हा गाळ आम्लाला दाद देत नाही. गॅस खड्ड्यात झालाच नाही."

"आज देत नाही. आज गुरुवार आहे. मधे तीन दिवस गेले. सोमवारी गाळ कसा होता, ते कोण सांगणार? सांगणारा तर गेला. आणि तोटी उघडणारा आरोपी आहे."

बोलणं बिनतोड होतं. माझ्या हातातला कागद मला एकदम निरुपयोगी वाटला.

"वहीत सोमवारचं पान असेल," मी म्हटलं.

"असं? ती वही मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. मी त्या शेडच्या दारापर्यंत आलो, आत पाऊल टाकलं नाही. लिहिलंच नसेल त्याने." ते निघाले. दारातून वळून म्हणाले, "आणि त्या रंगाचं म्हणाल तर कारखाना रंगवणं हा गुन्हा नाही."

मी त्यांच्याजवळ रंगाचं अवाक्षर काढलं नव्हतं.

५

गॅसची खोली गॅसमास्तर चालवतात. माणूस भला, पण भिडस्त. साहेबांचा फोन वाजला तरी उठून उभे राहतात. मी आत गेले तेव्हा ते उगाचच नळ्यांच्या झडपांची चाकं पुसत बसले होते.

"मास्तर, उजवा हात बघू."

त्यांनी हात मागे घेतला. अंगठ्याच्या नखाला पांढरा रंग होता.

"जोड तुम्ही रंगवलात."

"बाई, मला काही विचारू नका."

"घंटा का नाही वाजली?"

"बाई, हात जोडतो."

"काजळभाऊ तुमच्या शेजारी बसून डबा खायचे, मास्तर."

त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात फोन वाजला. मास्तर उभे राहिले, "हो साहेब, हो साहेब" म्हणाले, आणि फोन ठेवून माझ्याकडे पाठ करून पुन्हा चाकं पुसायला लागले.

मला त्यांचा एवढा राग आला की बाहेर येऊन मी वाळूच्या बादलीला लाथ मारली. बादली हलली नाही, पाय मात्र दुखावला. तिथेच पायरीवर बसून मी पाय चोळला आणि वेळ घालवायचा म्हणून साहेबांचा अहवाल पुन्हा वाचायला घेतला. 'प्राणोत्क्रमण'वर मी सकाळी एवढी चिडले होते की पहिल्या ओळीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

आता गेलं. मी ती ओळ तीनदा वाचली. मग दुखरा पाय विसरून धावत सुटले आणि वहिनींना शोधून सांगितलं, "तीन वाजता केबिनमध्ये या. धाकट्यालाही आणा. कुणी अडवलं तर सांगा, लिटमसने बोलावलंय."

६

निरीक्षक पन्नाशीचे, दमलेले गृहस्थ होते. दिवसातला चौथा कारखाना असावा. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला.

"सरळ दिसतंय प्रकरण," ते म्हणाले. "प्रयोगशाळेची सही राहिली आहे."

"ती मिळणार नाही," मी म्हटलं.

केबिनमध्ये साहेब खुर्चीत, गॅसमास्तर भिंतीला टेकून, वहिनी दारात. धाकटा त्यांच्यामागे, चार पावलं लांब. भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत नव्हते.

"मला साहेबांना दोन प्रश्न विचारायचे आहेत," मी म्हटलं.

"हे काय कोर्ट आहे?" साहेब म्हणाले.

"विचारू द्या," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, काजळभाऊ खड्ड्यात कशाला उतरले होते?"

"अहवालात स्पष्ट आहे. शिळा हटविण्यास."

"शिळा म्हणजे?"

"शिळा म्हणजे शिळा! पाषाण. मोठा दगड. तुम्हाला मराठी येत नाही का?"

"कामापुरती येते. केवढी होती ही शिळा?"

साहेबांनी हातांनी माप दाखवलं. "बरीच मोठी. दोघांना उचलता येऊ नये इतकी."

"आता कुठे आहे?"

"हलवली असेल."

"कुणी?"

निरीक्षकांनी चष्मा घातला आणि पहिल्यांदाच नीट वर पाहिलं.

"साहेब, गाळणीत दगड येत नाही. दगडाचं पीठ पहिल्या इमारतीत होतं, दुसरीत त्याचं पाणी होतं. गाळणीत पाणी येतं आणि काळा गाळ निघतो. बावीस वर्षांत त्या खड्ड्यात सुपारीएवढा खडा पडलेला नाही. तुम्ही दोघांना न उचलवणारी शिळा आणलीत कुठून?"

"कोणीतरी मला सांगितलं असेल."

"कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चूक झालीच नसती." मी निरीक्षकांकडे वळले. "आमच्या गाळणीत शिळा हा शब्द दिवसातून दहादा बोलतात. पण तो दगड नव्हे. काळा गाळ ताजा असतो किंवा शिळा असतो, कालच्या भातासारखा. 'काळा शिळा झालाय', 'काळा शिळा होता'. कानांनी ऐकलं की लहान पोरालाही कळतं. हा शब्द दगड वाटायचा असेल, तर तो ऐकून नाही, वाचून. आणि तोही एकटा, मागेपुढे काही नसताना. 'खड्डा – शिळा.' एवढंच."

मी वही टेबलावर ठेवली.

"काजळभाऊ रोज पहिली ओळ अशीच लिहायचे. ही सात पानं बघा. सातही ठिकाणी 'ताजा'. 'शिळा' यात कुठेही नाही. जुन्या वह्या साहेब येण्याआधीच रद्दीत गेल्या. त्यामुळे तो शब्द लिहिलेला असा एकाच ठिकाणी असू शकतो. आठव्या पानावर, सोमवारच्या. जे पान फाडलं गेलंय. आणि साहेब मला आजच म्हणाले, की ही वही त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही."

मी शिवणीत राहिलेल्या कागदाच्या किनारीवर बोट ठेवलं.

"ज्याने ते पान वाचलं, त्यानेच फाडलं. आणि त्या पानावर लिहिलं होतं की गाळ शिळा आहे, म्हणजे आम्ल टाकलं तरी गॅस होणार नाही. या पोराने तोटी उघडली त्यात काही चूक नव्हती. त्याच्या जागी मी असते तर मीही उघडली असती."

"एका शब्दावरून तुम्ही एवढा इमला बांधता?" साहेबांचा आवाज चिरकला. "कुठे आहे ते पान? काय होतं त्यात, कोण सांगणार?"

"मी सांगतो," भिंतीकडून आवाज आला.

गॅसमास्तर. ते कुणाकडेच बघत नव्हते, पण बोलत होते.

"मी पाहिलं ते पान. काजळभाऊ वही घेऊनच आले होते केबिनमध्ये, मीही इथेच होतो. 'खड्डा – शिळा. वरच्या जोडाला वास. घंटेची तार काढलेली. साहेबांना सांगितलं.' घंटेची तार शनिवारी मी काढली. साहेब म्हणाले, सारखी वाजते, काम अडतं. काजळभाऊ म्हणाले, जोड दुरुस्त होईपर्यंत गॅस सोडणार नसाल तरच मी खाली उतरतो. साहेब म्हणाले, नाही सोडणार, शब्द देतो. ते गेले. मी माझ्या खोलीत पोचलो तर फोन वाजला. माल न्यायला गाडी उभी आहे, म्हणाले, चालू करा. मी विचारलं, काजळभाऊ वर आले का? ते म्हणाले, आले." मास्तरांनी तोंड झाकून घेतलं. "मी चालू केला. आठ वाजून वीस मिनिटांनी. पान कुणी फाडलं ते मी पाहिलं नाही. रंग मात्र मला द्यायला लावला."

७

त्यानंतर साहेबांची भाषा एकदम सोपी झाली.

"हे बघा," ते निरीक्षकांना म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण मुद्दाम कुणी केलेलं नाही. आपण असं लिहू या का, की अपघात होता? कुणाचाच दोष नाही. या मुलाचाही नाही. मी त्याचं नाव काढून टाकतो. बाईंनाही त्रास नको, या ताईंनाही नको."

निरीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. मला त्या पाहण्याची भीती वाटली. दमलेल्या माणसाला सोपा रस्ता दिसला की तो घेतोच, असा माझा अनुभव आहे. मी बोलायला तोंड उघडलं, पण वहिनी माझ्या आधी पुढे आल्या. त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कुणाचाच दोष नाही म्हणजे काय?" त्या साहेबांना म्हणाल्या. "तीन दिवस दोष होता. माझ्या भावाचा होता. त्याचं नाव घालून छापून आणला होता तुम्ही. माझ्या घरात, माझ्यासमोर बसून अर्धा तास वाचलात. तेव्हा अपघात नव्हता. आता तुमच्यावर आलं तर अपघात झाला? माझ्या नवऱ्याने तुमच्याकडे शब्द मागितला. तुम्ही दिलात. त्या शब्दावर ते खाली उतरले. मला तुमची दया नको, आणि माझ्या भावाचं नाव काढून टाकण्याचे उपकार तर मुळीच नकोत."

"ताई, शांत व्हा," निरीक्षक म्हणाले.

"मी शांतच आहे. तक्रार कशी करायची असते, साहेब? मला करायची आहे. या माणसाविरुद्ध."

निरीक्षकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग साहेबांचा अहवाल बाजूला सारला, स्वतःच्या पिशवीतून कोरा कागद काढला, पेनचं टोपण काढलं.

"सांगा."

वहिनींनी सांगितलं. नवऱ्याचं नाव, काम, किती वर्षांचं. निरीक्षकांचं लिहून होईपर्यंत थांबायच्या आणि पुन्हा तिथूनच सुरू करायच्या. साहेब दोनदा उठले आणि दोनदा बसले. मास्तर भिंतीला टेकून तसेच उभे होते. आपली सही लागेल तिथे ती आपण करू, असं ते न विचारताच म्हणाले. मी गाळाची बरणी, खरवडलेला रंग आणि शिशाचा पांढरा कागद टेबलावर मांडला.

"घटना घडली तेव्हा जागेवर कोण होतं?" निरीक्षकांनी विचारलं. "साक्षीदार म्हणून कुणाचं नाव लिहू?"

वहिनी मागे वळल्या. सोमवारनंतर पहिल्यांदा त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातलेली होती. त्या चार पावलं चालत गेल्या, त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत टेबलापर्यंत आणलं.

"याचं लिहा."

"नातं?"

"माझा भाऊ."

निरीक्षकांनी लिहिलं. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी टपटप कागदाजवळ पडत होतं. तो पुटपुटला, "ताई, मी सोडलं गं अ‍ॅसिड."

"तुझ्या दाजींनी सांगितलं म्हणून सोडलंस. ते बरोबर सांगत होते." वहिनींनी त्याचं मनगट सोडलं नाही. "रडू नंतर. आता नीट उभा राहा, आणि मोठ्याने बोल. यांना सगळं लिहून घ्यायचंय."

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि सोमवारी सकाळी साडेसातपासून सांगायला सुरुवात केली.